चौकटीवरच्या तीन रेघा

१

लिलावातलं घर आतून बघायला मिळत नाही. कोर्टात बोली लागते, जिंकलं की कागद हातात पडतो, किल्ली पडत नाही. मग आपणच कुलूप तोडायचं, आत जायचं आणि जे निघेल ते आपल्या नशिबाचं म्हणायचं. डुएन शिमालला आतापर्यंतच्या पाच घरांत बरंच काही मिळालं होतं: तळघरात गुडघाभर पाणी, भिंतीतून उपटून नेलेल्या तांब्याच्या पाइपांची भोकं, सत्तर-ऐंशी टोप्या, आणि एका न्हाणीघरात चक्क जिवंत कासव. कासव त्याने घरी नेलं आणि त्याच्या मुलीने, केल्सीने, ते पाळलं.

काचेच्या कारखान्यातली नोकरी गेल्यापासून चार वर्षं त्याचा हाच धंदा होता. टोलेडो शहरात पडकी घरं पैशाला पासरी झाली होती. जुनं घर घ्यायचं, चार महिन्यांत नटवायचं आणि विकून मोकळं व्हायचं. घर पाहावं बांधून, असं म्हणतात. डुएनचं म्हणणं, घर पाहावं रंगवून. भिंतींना फिकट राखाडी, दाराखिडक्यांच्या चौकटींना पांढरा, नव्या मुठी, नवे दिवे, पायरीवर फुलांची एक कुंडी. गिऱ्हाईक आत आलं, नाकात ताज्या रंगाचा वास गेला, की निम्मं काम झालं. भिंतीच्या आत काय दडलंय हे विचारणारे थोडेच. वरून कीर्तन आतून तमाशा हे या धंद्याला चपखल बसतं, पण डुएन त्यातल्या त्यात सरळ माणूस होता. पाइपसुद्धा बदलायचा.

सहावं घर नदीच्या पूर्वेला, कॉर्लिस रस्त्यावर होतं. २००७ सालचा एप्रिल होता. पहिली पाच घरं त्याने एकाच्या नफ्यातून दुसरं अशी घेतली होती. आता मात्र जो तो याच धंद्यात उतरला होता, बोली चढत गेली, आणि डुएनने राहत्या घरावर कर्ज काढलं. त्याची बायको रोन्डा हिने सही करण्याआधी कागदांचं पानन् पान वाचलं.

"चार महिने," डुएन म्हणाला.

"आणि चार महिन्यांनी तुला जाब विचारायचा तर मी कुठे बसून विचारायचा, तेही सांगून ठेव," ती म्हणाली, आणि तिने सही केली.

२

कॉर्लिस रस्त्यावरच्या घरात काहीच निघालं नाही. ना पाणी, ना उंदीर, ना टोप्या. लाकातोश नावाचं म्हातारं जोडपं तिथे पन्नास वर्षं राहिलं होतं. तो गेला, ती वृद्धाश्रमात गेली, कर थकला आणि घर लिलावात आलं. घर इतकं स्वच्छ होतं की डुएनला वाटलं, आपण नशीब काढलं.

त्याच्याबरोबर सुतारकामाला अर्ल टिब्ज असायचा. वयाने सत्तरीचा, हाताने तिशीचा. सगळी वस्ती त्याला मिस्टर अर्ल म्हणायची, डुएनही तसंच म्हणायचा. रेघा पहिल्यांदा दिसल्या त्या मिस्टर अर्लला. स्वयंपाकघरातून मागच्या बोळात जाणाऱ्या दाराच्या चौकटीवर, डाव्या हाताच्या उभ्या लाकडी पट्टीवर, शिसपेन्सिलीने ओढलेल्या तीन आडव्या रेघा होत्या आणि प्रत्येकीपुढे तारीख. साल नाही, नाव नाही.

अशा रेघा घरोघर असतात. डुएनच्या स्वतःच्या घरी स्वयंपाकघराच्या दारावर केल्सीच्या होत्या, दरवर्षी शाळा उघडायच्या दिवशी सकाळी रोन्डा ओढायची, पोर शाळेत जायला लागायच्या आधीपासून. धंद्यातही त्याने अशा किती रेघांवर रंग फिरवला होता त्याला मोजदाद नव्हती. पण त्या गुडघ्याच्या वर जरा कुठे सुरू होतात, पोर उभं राहायला लागलं की. ही पहिलीच रेघ चार फूट साडेतीन इंचांवर होती आणि तिच्या खाली कोरं लाकूड.

"सर्कशीतलं पोर राहत होतं वाटतं इथे," मिस्टर अर्ल म्हणाला. "जन्मलंच सव्वाचार फुटांचं."

डुएनने टेप लावली. पहिली रेघ २६ ऑगस्टची. दुसरी २५ ऑगस्टची, बरोबर साडेचार फुटांवर, म्हणजे पुढच्या वर्षीची असावी. तिसरी ११ जानेवारीची, आणि ती दुसरीच्या पाव इंच खाली होती. हात थरथरल्यासारखी जरा वाकडीही होती. तिच्यावर पुन्हा कोरं लाकूड, थेट वरपर्यंत.

"वाढायचं सोडून आखडलं की हे," डुएन म्हणाला.

"दुसऱ्या वेळी बूट घालून उभं राहिलं असेल. पोरं फसवतात रे पोरा. माझा धाकटा टाचेखाली मोजे कोंबायचा."

दोघे हसले. दुपारी कचरा बाहेर टाकताना शेजारच्या मिसेस बोडनार कुंपणाशी भेटल्या तेव्हा डुएनने सहज विचारलं, लाकातोशांना मुलं किती. म्हातारीने त्याच्याकडे जरा रोखून पाहिलं. एकही नाही, ती म्हणाली, आणि मुलांची आवडही नाही. हॅलोविनला गोळ्या मागणारी पोरं दारात येऊ नयेत म्हणून दिवा मालवून बसायचे दोघं. पन्नास वर्षांत त्या घरात मूल गेलेलं तिने पाहिलं नव्हतं.

डुएनच्या मनात पाल चुकचुकली. पण पाल चुकचुकली म्हणून कोणी काम थांबवत नाही. कोणाची तरी भाची राहून गेली असेल, असं ठरवून त्याने रंगाचा डबा उघडला.

३

पहिला हात सुकला आणि रेघा वर आल्या. त्यात नवल काही नव्हतं. जुनं लाकूड डाग वर फेकतं. डुएनने डाग दाबणारा अस्तराचा रंग आणला, जो जळक्या भिंतींवर मारतात, आणि वर पांढऱ्याचे दोन हात दिले. त्याच पट्टीवर तेलकट बोटांचे ठसे होते, कॅलेंडरच्या खिळ्याचा गंज होता. ते सगळं झाकलं गेलं. दोन दिवसांनी तीन रेघा आणि तीन तारखा तेवढ्या वर आल्या, जरा फिक्या, पण वाचता येतील अशा.

चौथ्या हाताच्या वेळी त्याला रंगात अडकलेला केस सापडला. लांब, तांबूस, पहिल्या रेघेच्या बोटभर खाली, डोक्याची मागची बाजू टेकते तिथे. केल्सीचे केस तांबूस होते. डुएनच्या आईवर गेले होते. पण जुन्या रंगात शिसं असतं आणि ते लहान मुलांना फार वाईट, म्हणून केल्सीला तो कामाच्या घरी कधीच आणत नसे. हा नियम त्याने चार वर्षांत एकदाही मोडला नव्हता.

आपल्याच सदऱ्याला चिकटून आला असणार, त्याने मनाला समजावलं. पोर रोज गळ्यात पडतं, केस येणारच. त्याने नखाने केस सोडवला, आणि मग तो कुठे टाकावा हे न सुचून पाकिटात ठेवला. असं का केलं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

४

मे महिन्यातल्या एका भर दुपारी तो वरच्या न्हाणीघरात फरशी बसवत होता. मिस्टर अर्ल जेवायला गेला होता. खालून आवाज आला. टक, टक. लाकडावर आपटलेल्या दोन टाचा.

हा आवाज ज्याच्या घरी मूल आहे त्याला ओळखीचा असतो. उंची मोजायला उभं राहिलेलं मूल सरळ होण्यासाठी टाचा मागे पट्टीवर आपटतं. मग थोडा वेळ शांतता, डोक्यावर पुस्तक ठेवून रेघ ओढायला लागतो तेवढाच. डुएन फरशी हातात धरून ऐकत बसला. शांतता तेवढीच टिकली. मग पेन्सिलीची खरखर.

तो खाली आला. मागच्या दाराला आतून कडी होती. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. त्या दिवशी सकाळीच छताचं प्लास्टर पाडलं होतं आणि जमिनीवर पिठासारखी पांढरी धूळ बसली होती, एकसारखी. पट्टीच्या पायथ्याशी मात्र त्या धुळीत दोन लहान खळगे होते, शेजारी शेजारी. टाचांचे. येणारं पाऊल नव्हतं, जाणारं नव्हतं.

डुएनने झाडू आणून ते झाडून टाकलं. मग मिस्टर अर्ल येईपर्यंत तो बाहेर पायरीवर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी त्याने मिस्टर अर्लला ती पट्टीच काढून टाकायला लावली. जुनी पट्टी दोघांनी अंगणात जाळली. नवी मिस्टर अर्लने स्वतः निवडली, कापली, बसवली. ते सोमवारी. गुरुवारी डुएन आला तेव्हा म्हातारा आपली हत्यारं पेटीत भरत होता. एकेक पुसून, सावकाश.

"मिस्टर अर्ल, ही तुम्हीच बसवली ना?"

"मीच बसवली. म्हणून तर निघालोय."

डुएनने पट्टीकडे पाहिलं. पाहायची गरज नव्हती.

"उरलेली मजुरी नको मला," मिस्टर अर्ल म्हणाला. "आणि घर विकू नको असंही मी सांगणार नाही. तुझं राहतं घर गहाण आहे, मला माहीत आहे. एवढंच सांगतो पोरा. कोणाला विकतोस ते बघून वीक."

५

बघून विकायची चैन डुएनला नव्हती. जून संपला, जुलै निम्मा गेला, फुलांची कुंडी दोनदा बदलली. बघायला येणारे यायचे, ओट्यावरून हात फिरवायचे आणि निघून जायचे.

रोन्डाच्या आईला सगळं घर बुशा, म्हणजे आजी, म्हणायचं. बुशाने चर्चच्या दुकानातून सेंट जोसेफची वीतभर प्लॅस्टिकची मूर्ती आणली. घर विकलं जावं म्हणून हा संत अंगणात पुरायचा, डोकं खाली, पाय वर, तोंड घराकडे. घर गेलं की उकरून नव्या घरी न्यायचा, नाहीतर रुसतो. कॉर्लिस रस्त्यावरच्या अंगणात बुशाने खड्डा स्वतः दाखवला. उलटं पुरल्यावर कोणीही मुकाट्याने काम करील, असं डुएन म्हणाला, आणि बुशाने त्याच्या पाठीत गुद्दा घातला.

संताने म्हणा की नशिबाने म्हणा, पुढच्याच रविवारी ओलिव्हारेस नवराबायको आले. तो गाड्यांच्या कारखान्यात होता, ती शाळेच्या खानावळीत. बरोबर त्यांची नऊ वर्षांची मुलगी होती, इत्सेल. आईबाप वर गेले आणि पोरगी खालीच रेंगाळली. रेंगाळत रेंगाळत ती त्या दाराशी आली आणि पट्टीला पाठ लावून उभी राहिली, मुलं उगाच राहतात तशी.

नव्या पट्टीवरही आता रंगाचे सहा हात झाले होते. ज्याला माहीत नाही त्याला काही दिसलं नसतं. डुएनला दिसत होतं. इत्सेलचं डोकं पहिल्या रेघेच्या जरासं खाली येत होतं. महिनाभरात, शाळा सुरू होईतो, बरोबर तिथे पोचेल इतकं.

त्या क्षणी डुएनला काय वाटलं हे सांगायला लाज वाटते, पण सांगायला हवं. त्याला हायसं वाटलं. छातीवरचा दगड उतरावा तसं. म्हणजे ही ती, त्याच्या मनात आलं. ज्याच्या त्याच्या नशिबाचं ज्याला त्याला. आणि आतापर्यंत आपण कोणासाठी घाबरत होतो, हेही त्याला त्याच वेळी कळलं.

इत्सेलची आई मारिसोल जिना उतरून आली आणि तिने विचारलं, हा भाग मुलांना कसा आहे.

"मुलांसाठीच आहे हे घर," डुएन म्हणाला. "फ्रिज नवा बसवून देतो, त्याचे वेगळे पैसे नकोत."

६

कागद चोवीस ऑगस्टला व्हायचे होते. एकवीसला एजंट बाईचा फोन आला. व्हॅल तिचं नाव; एरवी फोनवर हसल्याशिवाय बोलायची नाही. ओलिव्हारेसांना कर्ज देणाऱ्या कंपनीलाच रातोरात कुलूप लागलं होतं. त्यांचं काही चुकलं नव्हतं, डुएनचंही नव्हतं. दुसरीकडे कर्ज मिळतंय का ते बघतील, ती म्हणाली, पण तिच्या आवाजात काही राम नव्हता.

त्या शरदात टोलेडोत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. कर्जं बुडाली, बँका घरं उचलायला लागल्या आणि रस्त्यांवर विक्रीच्या पाट्या झाडांपेक्षा जास्त झाल्या. डुएनने किंमत उतरवली, मग पुन्हा उतरवली, मग इतकी उतरवली की व्हॅलने पाटी काढून घेतली. राहत्या घराच्या कर्जाचा हप्ता जानेवारीत वाढला आणि मार्चमध्ये त्याने तो भरायचा सोडला. रोन्डा हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात दोन पाळ्या करायला लागली. जाब विचारायचं तिने केव्हाच सोडलं होतं, आणि हे डुएनला जाब विचारण्यापेक्षा वाईट वाटायचं.

मधल्या काळात एकदा दुकानात त्याला इत्सेल दिसली. आईबरोबर ढकलगाडीपाशी उभी होती. एका हिवाळ्यात ताडमाड वाढली होती, पहिल्या रेघेच्या केव्हाच वर. डुएन मक्याच्या डब्यांमागे उभा राहून तिच्याकडे बघत राहिला. रेघा पुन्हा बेवारस झाल्या होत्या.

७

जुलैत बँकेने घर रिकामं करायला सांगितलं. कॉर्लिस रस्त्यावरच्या घरावर मात्र कोणाचं देणं नव्हतं, ते रोख घेतलेलं होतं. डोक्यावर छप्पर म्हणून जगात तेवढंच उरलं होतं, आणि डुएन तिथे जायला तयार नव्हता. भाड्याने बघू, तो म्हणाला. ज्याचं घर बँकेने उचललं त्याला भाड्याने कोण देतो? मग बुशाकडे. बुशा राहायची त्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत मुलांना तीन रात्रींच्या वर मुभा नव्हती. गाडीत राहू, असंही तो एकदा म्हणाला, आणि रोन्डा हातातलं भांडं ठेवून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"काय आहे त्या घरात?"

डुएनने सांगून पाहिलं. जरा जरा, तुटक तुटक. घर बरोबर नाही, लहान मुलासाठी बरोबर नाही. चौकटीबद्दल बोलायला लागला तर स्वतःच्याच कानांना ते खुळ्यासारखं वाटलं.

"तू ते मुलीच्या आईबापाला विकायला निघाला होतास," रोन्डा म्हणाली. "फ्रिज फुकट देऊन. तेव्हा घर बरोबर होतं?"

डुएन सामानाच्या खोक्यांना चिकटपट्टी लावायला लागला. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला ते राहायला आले.

आदल्या दिवशी डुएनने एक केलं. दाराच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या उपटल्या, आतलं प्लास्टर खरवडलं आणि नुसते खडबडीत खांब उघडे ठेवले. रेघ ओढायला जागाच नाही ठेवली. पहिला आठवडा तो दिवसातून दहा वेळा तिथे जाऊन बघायचा, नंतर दोनदा. काही आलं नाही. कासवाची पेटी त्या दारापासून लांब, पुढच्या खोलीत ठेवली. केल्सी खूश होती. तिला वरची, उतरत्या छताची खोली मिळाली होती. रोन्डाने अंगणातून सेंट जोसेफला उकरून काढलं, नळाखाली धुतलं आणि मोरीच्या खिडकीत उभं केलं.

"माणसं आणायला सांगितलं होतं ना त्याला?" ती म्हणाली. "आणली त्याने."

कित्येक महिन्यांत तिने केलेला हा पहिला विनोद होता. डुएन हसला. शाळेचं पत्र आलं तेव्हा मात्र तो ते हातात धरून उभा राहिला. शाळा मंगळवारी सुरू होणार होती, २६ ऑगस्टला.

यंदा उंची नको मोजायला, तो जेवताना म्हणाला. दर वर्षी काय मोजायची. केल्सीने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू यंदा नाताळ नको म्हणाला.

८

मंगळवारी सकाळी तो दूध आणायला गेला होता. वीस मिनिटं लागली असतील. अंगणात पाऊल टाकलं तेव्हा आतून हातोडीचा आवाज येत होता.

घर बँकेला देताना लोक काय काय काढून नेतात. कोणी चूल नेतं, कोणी दिवे, कोणी रागाने बेसिनंसुद्धा. रोन्डाने शेवटच्या दिवशी फक्त एक गोष्ट नेली होती: स्वयंपाकघराच्या दाराची पट्टी, केल्सीच्या रेघांची. आंघोळीच्या टॉवेलात गुंडाळून तिने ती पलंगाखाली ठेवली होती आणि ताकास तूर लागू दिली नव्हती. आता ती पट्टी दाराच्या डाव्या हाताला, त्याने मोकळ्या ठेवलेल्या जागेत, बसली होती. एक केसभर कमी नाही, जास्त नाही. दारं सगळीकडे एकाच मापाची असतात, डुएनच्या मनात आलं. दुधाची बाटली त्याच्या हातातच होती.

"बघ," रोन्डा म्हणाली. डोळे भरले होते तिचे. "घर गेलं, ही नाही जाऊ दिली."

पट्टीवर सात रेघा होत्या. दोन वर्षांची केल्सी कमरेच्या जरा खाली, मग तीनची, चारची, गेल्या वर्षीची चार फूट दीड इंचांवर. त्यावर कोरं लाकूड. डुएनने अंगठा फिरवून पाहिला. कोरंच होतं. नको, असं तो म्हणाला असावा, पण केल्सी दप्तरासकट येऊन उभी राहिली होती.

तिने टाचा मागे आपटल्या. टक, टक.

रोन्डाने डोक्यावर पुस्तक ठेवलं. पेन्सिलीची खरखर झाली. मग तिने टेप लावली, चार फूट साडेतीन इंच, म्हणाली, आणि रेघेपुढे तारीख घातली. सहाच्या आकड्याचं पोट ती उघडं ठेवते, पूर्वीपासून. डुएनने गेल्या वर्षी ते अक्षर पुन्हा पुन्हा रंगवलं होतं, एकदा जाळलं होतं, आणि ते आपल्या बायकोचं आहे हे त्याला ओळखता आलं नव्हतं.

बस आली, केल्सी गेली. रोन्डा पाळीला गेली. जाताना तिने बऱ्याच दिवसांनी त्याच्या गालाला हात लावला.

डुएन दारासमोर खुर्ची घेऊन बसला. दहाच्या सुमारास आजच्या रेघेवर दुसरी आली. ती येताना दिसली नाही. आधी नव्हती, मग होती. साडेचार फुटांवर, २५ ऑगस्ट. पुढचं वर्ष. मग तिच्या पाव इंच खाली तिसरी, वाकडी, ११ जानेवारी, आणि त्या तारखेतही सगळं अक्षर रोन्डाचं होतं, फक्त हात थरथरलेला. बूट नव्हते, मोजे नव्हते, पोरं फसवतात ते नव्हतं. शाळेचा पहिला दिवस सोडून जानेवारीत मुलाची उंची कोण मोजतं? पुढच्या ऑगस्टची खात्री नसते तेच मोजतात. आणि ज्या मुलाला धरून उभं करावं लागतं त्याची उंची कमी भरते.

तो बराच वेळ रडला. मग उठला, रोन्डाची पेन्सिल घेतली, टेप घेतली आणि कामाला लागला. तिसऱ्या रेघेवर चार फूट आठवर एक रेघ ओढली आणि पुढे ऑगस्ट लिहिलं. मग चार फूट अकरावर. मग पाच फूट एकवर, तेरा वर्षं धरून. पुढे मुली सावकाश वाढतात, म्हणून अर्धा इंच, पाव इंच. शेवटची रेघ रोन्डाच्या उंचीला आणली, पाच फूट चार, आणि तिथे तारीख न घालता नाव घातलं, केल्सी. आयुष्यात इतक्या सरळ रेघा त्याने कधी ओढल्या नव्हत्या. मग तो पुन्हा खुर्चीत बसला आणि त्यांच्यावर नजर ठेवून राहिला. पाणी प्यायला उठला नाही. दुपारभर रेघा होत्या तिथेच होत्या, आणि दोन वाजता, तीन वाजता, त्याला जराशी आशा वाटायला लागली.

साडेतीनला कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला. त्याने खिडकीकडे मान वळवली, तेवढीच. परत पाहिलं तेव्हा आजच्या रेघेवर दोन रेघा होत्या आणि त्यावर थेट वरपर्यंत कोरं लाकूड. पेन्सिलीची भुकटी खाली जमिनीवर पडली होती.

तो बाहेर आला. बसच्या पायरीवरून केल्सी उतरली आणि बाप दिसताच धावत सुटली, दप्तर पाठीवर उडवत, तांबूस केस तोंडावर घेऊन.

"सावकाश," डुएन म्हणाला. त्याने दोन्ही हात पुढे केले होते. "सावकाश ये गं. घाई नाही काही."